देवळालीहून आणलेलं मशीन

अहो,

आज खंडेनवमी. तुमचे पाने, कानस, हातोडी आणि ते गवत कापायचं मशीन, सगळ्यांची पूजा आत्ताच आटोपली. दांड्याला झेंडूची माळ घातली. आज हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून कागद पुढे ओढला. उद्या दसऱ्याला मशीन न्यायला टेम्पो यायचा होता. त्याचं काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिते आहे.

ते मशीन घरात आलं तो दिवस आठवतो का? त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. सातपूरहून पहिली पाळी करून येणार म्हणून मी भाकरी करायला बसले होते, आणि तुम्ही दारात टेम्पो घेऊन उभे! देवळालीच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यामागे ते कित्येक पावसाळे पडून होतं. गंज एवढा, की मला आधी ती विहिरीवरची मोटच वाटली.

"कितीला घेतलंत?" मी विचारलं.

"किलोवर."

"मग किलोवरच घालून या!"

तुम्ही हसलात आणि रॉकेलचं घमेलं मागितलंत. रेशनचं रॉकेल, अहो! स्टोव्हला पुरवून पुरवून वापरायची मी. त्यात तुमचे बोल्ट आठवडाभर भिजत पडले. सगळा उन्हाळा गच्चीवर एका प्लॅस्टिकवर माझ्या कुरडया आणि शेजारी तुमचे नट-बोल्ट, ओळीने. कुरडई उचलताना एक वायसर आली होती हातात. तळलेली नाही, हे नशीब.

पेपरावरून तर आपलं दर रविवारी वाजायचं. पात्यांना धार लागली की नाही बघायला तुम्हाला कागदाची पट्टी लागायची. फिरती पाती आणि खालची पट्टी यांच्यामध्ये कागद धरायचा, पाती हाताने फिरवायची, आणि कागद कात्रीने कापल्यासारखा सरळ तुटला पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण त्यासाठी त्याच दिवसाचा, न वाचलेला पेपर कशाला हवा होता? रद्दीचा गठ्ठा दारामागेच होता ना!

मशीन चालू झाल्यावर मात्र मी गप्प बसले, हे तुम्हीही मान्य कराल. कॉलनीतल्या दत्ताच्या देवळापुढची हिरवळ तुम्ही कापायला लागलात. कोणी "काय माळीबुवा!" म्हणून हाक मारली तरी तुम्ही मान हलवून पुढे. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा बाकीचे लोक महिनोन् महिने ओट्यावर बसून राहिले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उलटं करून बेअरिंगला ग्रीस भरत होतात. नवीन मशीन घेऊन देतो असं आपला महेश म्हणाला, तर म्हणालात, "नव्यात मी काय करू? त्यात दुरुस्त करायला काही नसतं."

पौषात तुम्ही गेलात. मशीन पडवीत राहिलं.

एक तक्रार करते, रागावू नका. तुम्ही कंपनीतल्या रघुनाथभाऊंना सगळं दाखवलंत, समोरच्या पोस्टमनला दाखवलंत, मला कधी दाखवलं नाहीत कुठल्या डब्यातलं तेल कुठे घालायचं. मला एवढंच माहीत, की तेल घातलं पाहिजे. म्हणून मी दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले, की वाटीत उरलेलं मशीनच्या पात्यांना घालायची. तिळाचं, चांगलं घाण्याचं. वाटायचं, देवाचंही झालं आणि तुमचंही.

भाद्रपदात गंगापूर रोडचे एक हॉटेलवाले शेठ महेशकडे काही कामाला आले होते. पडवीत मशीन बघून त्यांचे डोळेच चमकले.

"हे द्या मला. गेटवर ठेवतो. सोनेरी रंग मारायचा, वरून लाईट सोडायचा. लोक फोटो काढतील."

मी विचारलं, "गवत कापायला नको?"

"छे हो मावशी. चालू नसलं तरी हरकत नाही."

मला ते लागलं. कशाला खोटं बोलू? शेठ माणूस वाईट नव्हता, पैसेही नीट देत होता. महेशचंही चुकत नव्हतं. त्याची चिमी आता रांगते, पात्यात बोट घातलं म्हणजे? तो म्हणाला, "आई, बाबा गेल्यापासून कापलंय का यानं एक काडी तरी? दसऱ्याच्या आत कापून दाखव, मी शेठना नाही म्हणतो. नाहीतर जाऊ दे त्याला." मी हो म्हणाले. हो म्हणून मशीन ढकलायला गेले, तर पाती जागची हलेना! गच्च बसलेली.

मग रघुनाथभाऊंना बोलावलं. त्यांनी खाली बसून पात्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, खरं सांगा. मारुतीचं तेल याला घातलं का?"

"घातलं. दर शनिवारी."

"अहो, खायचं तेल हे! सुकून त्याचा डिंक झालाय. जुन्या तव्याला बसतो ना थर, तसा. लय श्रद्धा केली तुम्ही याच्यावर." आणि ते जे हसायला लागले, की शेवटी मलाही हसू आवरेना. तुम्ही गेल्यापासून त्या पडवीत पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

नवरात्र बसलं आणि आमचं काम सुरू झालं. माझे उपास, त्यामुळे स्वयंपाकाला वेळ कमी लागत होता. रॉकेल, तारेचा ब्रश, फडकी. डिंक सुटला, पाती फिरली. भाऊंनी तुमची घासायची पेस्ट लावून पाती उलटी फिरवत धार काढली. अष्टमीला सकाळी कागद लावला. मी रद्दीतलाच दिला हं! पाऊण कागद सरळ तुटला आणि कडेला चार बोटं नुसता चुरगळला. भाऊ स्क्रू पिळत राहिले. एकदा सैल, एकदा घट्ट. वैतागले. "जमायचं नाय वहिनी. हे त्यालाच जमायचं."

मी म्हणाले, "थांबा. तुम्ही पिळा, मी ऐकते."

"काय ऐकता?"

काय सांगू त्यांना? मोठं मशीन म्हणून तुम्ही मागून ढकलायचात आणि पुढे दोरी धरून ओढायला मी. इतकी वर्षं मी ते मशीन चालताना पाहिलंच नाही, पाठीमागे फक्त ऐकलं. नीट लागलेलं असलं की सुपातून तांदूळ सरकल्यासारखा आवाज यायचा. करकर आली की तुम्ही थांबायचात. भाऊंनी स्क्रू हळूहळू फिरवला, मी डोळे मिटून उभी. "अजून. अजून थोडं. बस!" कागद लावला. टोकापर्यंत तुटला. भाऊंनी कागदाचे तुकडे उचलून खिशात घातले.

संध्याकाळी देवळापुढे नेलं. दोरीला महेश, दांड्याला मी, पदर खोचून. आरतीला आलेल्या बायका थांबल्या. शेजारची कमल म्हणाली, "काय गं, माळीणबाई का?" मी म्हटलं, "हो, वाटेतून हो जरा." रेघ सरळ गेली नाही. मधे एक शेंडी राहिली, तुम्ही बघितली असती तर पुन्हा कापायला लावली असती. पण गवत कापलं गेलं, अहो! पात्यावरून उडून माझ्या पायांवर पडत होतं. पुढे असताना मला ते कधी दिसलंच नव्हतं.

महेशने देवळाच्या पायरीवरूनच मोबाईल लावला. "शेठ, टेम्पो पाठवू नका. नाही, नाही, किमतीचं काही नाही. मशीन कामावर आहे."

तेवढंच बोलला आणि घाम पुसत राहिला. पडवीला फळीचं दार करायचं त्याने कबूल केलंय, चिमीसाठी.

आता माझा शब्द. गुडघे चालतील तोवर देवळापुढचं गवत मी कापीन. एकादशी सोडून, कारण उपासाने दम लागतो. आणि ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी मशीन अशाच माणसाला देईन, जो ते घेताना आधी विचारील, "कापतं का?"

तुमची,
सुमन