सतरा नंबरच्या पात्याची कोपी

२ डिसेंबर, सोमवार
ठरलं. मोडक्या पात्याचा उद्योग सुरू करायचा. जूनमध्ये सतरा नंबरच्या पवनचक्कीवर वीज पडली. ठेकेदारानं पात्याचे तुकडे केले आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्या बांधावर टाकला. आठ दिवसांत नेतो म्हणाला होता. सहा महिने झाले. माल घरी चालत आलाय.
आमचे हे त्याच पवनचक्कीवर नऊ वर्षं राखणदार होते. त्याचा याच्याशी संबंध नाही. त्यांच्या पेटीत कंपनीचं पुस्तक सापडलं, ते तीनदा वाचलं. पातं काचेच्या धाग्यांचं आणि राळेचं असतं, मधून कार्बनच्या पट्ट्या. कुजत नाही, गंजत नाही, वितळत नाही. इतका गुणी माल लोक टाकून देतात.
शेवटच्या पानावर 'पुनर्वापर अवघड' असं लिहिलंय. लिहिणाऱ्याचं मत.

३ डिसेंबर
धाकटे दीर राजशेखर भावजी आले. ह्यांना ते अण्णा म्हणत. म्हणाले, वैनी, अण्णा जाऊन दोन येळवशी झाल्या, दोन्ही बारी तुमच्या शेतात कोपी न्हाई. ज्या शेतात येळवशीला कोपी न्हाई, पांडवांची पूजा न्हाई, भावकीला आंबील न्हाई, त्याला लोक बिनमालकाचं म्हणतेत. यंदा तीस तारखेला, मार्गशीर्ष अवसेला, कोपी उभी राहिली तर शेत तुमचं तुमी करा. न्हाईतर पाडव्यापासून मी बटईनं करतो, निम्मं पीक तुमाला.
कोपीचं खोपट बांधायला बांधावर कडब्याच्या शंभर पेंढ्याही टाकून गेले. मी म्हणाले, कोपीचं काय एवढं, सध्या मी उद्योगात आहे.

६ डिसेंबर
हुमनाबादहून अमरेश कटर घेऊन आला. लोखंडी गेटं करतो, हात बसलेला माणूस. पात्यावर टिचकी मारून म्हणाला, अक्का, ह्ये तर लोणी हाय.
एक वीत कापलं, चकती संपली. दुपारपर्यंत सात चकत्या गेल्या, काप दीड हात. पांढरी धूळ पिठासारखी उडाली. अमरेश ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ घासत म्हणाला, लोखंड बरं अक्का, त्येची दुश्मनी समोरून असती.
मलाही संध्याकाळपासून खाज. यंदा गाजरगवत फार.

७ डिसेंबर
खाज. साबण बदलला.

९ डिसेंबर
नवी दिशा. कापायचं कशाला, दळायचं. भुकटी सिमेंटमध्ये घालून फरशा करायच्या. तुकडा घेऊन नेत्रावतीच्या कांडपावर गेले. ती म्हणाली, अक्का, माझ्या मिरचीनं लोक डोळ्यानं रडतेत, तेवढं बस हाय.
दूरदृष्टी नाही. रांगेतल्या बायका मात्र फार हसल्या. मीही हसले. उद्योजकाला लोकांत मिसळावं लागतं.

१३ डिसेंबर
जाळून राळ वेगळी करायची, असं पुस्तकात एका ओळीत आहे. बशीएवढा तुकडा चुलीवर ठेवला. काळा धूर, वास असा की जाऊबाई पदर नाकाला लावून आल्या आणि विचारलं, कुणाची चप्पल जळायली का. तुकडा काढून पाहिला तर काच तशीच, मऊ कापडासारखी. म्हणजे प्रयोग यशस्वी. दोन दिवस स्वयंपाक त्यांच्याकडे.

१५ डिसेंबर
कलबुर्गीहून लेकीचा, सुधारानीचा फोन. म्हणाली, अव्वा, ती खाज काचेची हाय, गाजरगवताची न्हाई. थंड पाण्यानं धू, चोळू नको. आणि असली पाती आता सिमेंटच्या भट्टीत घालतेत, राळ जळून जाती आणि काच सिमेंटमध्ये मिसळती. तू कामून जीव काढायलीस?
मुलगी हुशार आहे, पण कॉमर्सची. भट्टीत घातलं की पातं दिसणार का कुठं? त्याला काय अर्थ.
कडब्याचं काय केलंस, असंही तिनं विचारलं. रेंज गेली म्हणाले.

१८ डिसेंबर, पहाटे
सुचलं. विजेनं उललेला, आतून पोकळ तुकडा आडवा पडलाय, तो उभा केला की आपोआप कमान होते. पात्याचीच कोपी. न कुजणारी, कायमची. येळवसही होते, उद्योगाचा नमुनाही होतो. दरवर्षी कडबा बांधत बसणं हा जुना जमाना झाला.

२६ डिसेंबर
अमरेशनं ट्रॅक्टर आणि दोरखंड लावून कोपी उभी केली. अंगभर गोणपाट गुंडाळून आला होता. कोपी पांढरीशुभ्र. आतल्या बाजूला १७ आकडा अजून दिसतो. म्हणून हाच तुकडा निवडला असं नाही, बाकीचे ठेकेदारानं नेले होते.
भावजी लांबूनच बघून गेले. थक्क झाले असावेत.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस
भावकीतली एकवीस माणसं. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडले. पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, आंबिलीचं मडकं. शेताला फेरी मारून आंबील शिंपडायची, ते हे करायचे. यंदा मी केलं. आवाज बरा निघाला.
मग सगळे सावलीला कोपीत टेकून बसले. पंगत भज्जीपर्यंत पोचली आणि जाऊबाईंनी डाव्या हातानं मान खाजवली. मग त्यांच्या भावानं. मग रांगच लागली. येळवशीचं पान सोडून उठायचं नसतं, त्यामुळे एकवीस जण एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्यानं शेजाऱ्याची पाठ खाजवत होते. एवढा एकोपा भावकीत मी पहिल्यांदा पाहिला. एक म्हातारे म्हणाले, आंबील झकास झाली, पण कोपी चावायली.
कडब्याची कोपी दुसऱ्या दिवशी बैल खातात. माझी कोपी बैलानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

३१ डिसेंबर
ठेकेदाराचा ट्रक आला. सुधारानीनं कंपनीला फोन केला होता. ड्रायव्हर म्हणाला, शहाबादकडं सिमेंटच्या भट्टीत चाललंय. मी म्हणाले, माझंही तेच नियोजन होतं. क्रेननं उचललं तेव्हा १७ आकडा एकदा उन्हात फिरला. कागदावर सही मागितली. 'टाकाऊ' लिहिलं होतं. ते खोडून 'कोपी' लिहिलं आणि सही केली.

२ जानेवारी
भावजींना बोलावलं. मी म्हणाले, चावणारी कोपी धरायची नाही, शेत पाडव्यापासून तुम्ही करा. ते म्हणाले, वैनी, कडबा दिला होता की, मग ह्ये कामून?
मग सांगितलं. मला कडब्याची कोपी बांधता येत नाही. पंचवीस येळवशी हे बांधायचे आणि मी भज्जी ढवळत बसायचे. एकदाही मान वळवून पाहिलं नाही. आता विचारायला लाज वाटत होती. तेवढं तुम्ही शिकवा.
भावजींनी कोपर खाजवलं. मग म्हणाले, मला तरी कुठं येतंय. माझ्या शेतातलीबी अण्णाच बांधून देत हुता. तीन येळवशी मी पोराच्या सासऱ्याला बोलवायलोय.
आम्ही दोघं बांधावर बसून पेंढ्यांकडं बघत राहिलो. तोवर बैलानं तीन संपवल्या.