सहज आलो नव्हतो

प्रिय टिटवे,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आपण एकाच शहरात राहतो, मधे फक्त चौदा स्टॉप, आणि फोन दोघांकडेही आहे. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्याउभ्याच फाडलं असशील. घाबरू नकोस, घरी सगळे खाऊनपिऊन सुखरूप आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस एवढंच. मी वाक्य सुरू करायचा अवकाश, तू ते पुरं करून मोकळी होतेस. तुझं नाव टिटवी काही उगाच पडलं नाही. आज जे सांगायचंय ते मला माझ्या चालीने सांगायचंय, मधे थांबावंसं वाटलं तर थांबून.

तू इंग्रजी घेऊन बीए करत होतीस, तेव्हा मी नुकताच बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. तुझ्या कॉलेजवरून जाणारी गाडी माझ्याकडे आली आणि तू रोज माझ्या पाठीमागच्या सीटवर बसून मोठमोठ्याने कविता पाठ करायला लागलीस. कंडक्टर म्हणायचा, "तुझ्या बहिणीमुळे आपल्याला हॉर्न वाजवावा लागत नाही." तुला शाळेत नोकरी लागली, तेव्हा रुजू व्हायच्या आदल्या दिवशी डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत तू मला एकट्याला बसवून अख्खा तास घेतलास. 'गो'चा भूतकाळ काय, असं विचारलंस. मी म्हणालो, 'गोड'. तू खडू फेकून मारलास. तो खिडकीतून बाहेर गेला आणि तास तिथेच संपला. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तुला उतरवलं, तेव्हा गाडीतल्या लोकांना मी मागे वळून सांगितलं की ही माझी बहीण, आजपासून टीचर आहे. ओळख ना पाळख, तरी चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू मान खाली घालून पळालीस, म्हणून तुला ते माहीत नाही.

अकरा वर्षं तू त्या शाळेत होतीस आणि ती अकरा वर्षं मी तुझ्या नावावर मिरवलो. डेपोत कुणाला इंग्रजी पत्र आलं की मी म्हणायचो, आण इकडे, माझी बहीण वाचून देईल. मग आठवीच्या वर्गात ती मुलगी आली. पहिल्या बाकावर बसूनही तिला फळा दिसत नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवून काढायची. तू ते ओळखलंस. मधल्या सुट्टीत तू तिला धडे वाचून दाखवायला लागलीस, मग घरी बसून कॅसेटवर धडे भरायला लागलीस. तिची बघून आणखी दोघं आली, मग पाच. चौतिसाव्या वर्षी तू ब्रेल शिकायला बसलीस. जेवतानाही टेबलावर बोटं फिरवत असायचीस. एकदा महिनाभर डोळ्यांवर पट्टी बांधून स्वयंपाक केलास आणि मनगट भाजून घेतलंस. तेव्हा मी तुझ्या वहिनीला म्हणालो होतो की आमच्या टिटवीला नाटकात घ्यायला हवं होतं. हे तिने तुला सांगितलं नसेल. मी सांगतोय.

आणि मग, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, तू कायमची नोकरी सोडलीस. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती संस्था, मोठ्या वयात नजर गेलेल्यांना चालायला, चहा करायला, सही करायला शिकवायचं काम. तू पेढे वाटायला आल्यासारखी हसत घरी सांगायला आलीस आणि मी ताटावरून उठलो. जाता जाता काय बोललो ते तुझ्या लक्षात असणारच. "लोकांच्या काठ्या धरायलाच जायचं होतं, तर इंग्रजी कशाला शिकलीस?" त्यानंतर चार महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र दर रविवारी फोन करून वहिनीला विचारायचीस, दादाचा राग कितपत उतरलाय. तापमान विचारावं तसं. ती तुला काय सांगते ते मला बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. खरं सांगू का, मला तुझ्या कामाचा राग नव्हता. मी डेपोत काय सांगू, याचा होता.

आता मागच्या मंगळवारचं. मी तुझ्याकडे आलो, तू विचारलंस, "आज इकडे कुठे?" आणि मी म्हणालो, "सहज." तू हातातलं काम सोडलं नाहीस. मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलंस आणि विसरून गेलीस, ते बरं झालं. बाजूने चहाचा कप पुढे केलास आणि माझं लक्ष गेलं नाही, तेव्हा म्हणालीस, "दादा, तंद्री लागली की काय?" तंद्री नव्हती. पण मी दोन तास तुलाच बघत होतो, हे खरं.

तो निवृत्त सुतार आठवतो? फोनच्या पडद्यावरचं वाचून सांगणाऱ्या, फोनमधल्या बाईच्या आवाजाशी भांडत होता. ती इंग्रजीत सूचना देत होती आणि तो तिला म्हणत होता, "बाई, नीट बोल की." तू त्याच्या शेजारी बसलीस आणि तिचं एकेक वाक्य त्याला रंधा, करवत, चौकटीच्या भाषेत समजावलंस. चौकटीत एक कप्पा, कप्प्यावर एकदा टकटक केलं की नाव कळतं, दोनदा केलं की उघडतो. पाच मिनिटांत त्याने मुलीला फोन लावला. पलीकडून ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तो म्हणाला, "अगं, मीच लावलाय, कुणी लावून दिला नाही," आणि मग तेच वाक्य त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. तू उठून खिडकी उघडायला गेलीस. खिडकी उघडीच होती.

मग तो काठी घेऊन दाराकडे निघाला आणि वाटेतल्या दोन खुर्च्यांच्या मधे अडकला. काठी इकडे मारतोय, तिकडे मारतोय. मी धरायला उठलो, तर तू माझ्या छातीवर हात ठेवून मला खाली बसवलंस. आणि मग मला तुझे हात दिसले. ते तू पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होतेस, इतके की बोटं पांढरी पडली होती. तू त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस, पडला असता तर झेलायला, पण तो पडायच्या आधी नाही. त्याने खुर्ची चाचपली, बाजूला सारली आणि म्हणाला, "ही खुर्ची काल इथे नव्हती. कुणी ठेवली?" तू म्हणालीस, "मीच." तो एवढा हसला की खालच्या टायरवाल्याने वर मान करून बघितलं असेल.

टिटवे, मी एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं. माणसांना जिथे जायचंय तिथे मी नेऊन सोडलं आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण माणसाला त्याचं तो जाऊ द्यायचं आणि आपण पाठीमागे हात बांधून उभं राहायचं, हे मला एक दिवसही जमलं नसतं. आणि मी म्हणत होतो, तुझं इंग्रजी वाया गेलं. त्या दिवशी तू तीन जणांचे डॉक्टरांचे कागद वाचून दिलेस, मी मोजले. नुसते वाचले नाहीस. त्यातल्या एका शिक्षिका बाईंच्या कागदात वाईट बातमी होती. ती तू त्यांना न लपवता सांगितलीस, आणि त्यांनी तीनदा विचारलं तरी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलीस. शाळेत असताना तू काय शिकवायचीस ते मी कधी पाहिलं नाही, तेव्हा तुलना करू शकत नाही. पण मला वाटतं, तू शाळा सोडलीच नाहीस. वर्ग बदलला, एवढंच. चार महिन्यांच्या अबोल्याबद्दल आणि त्या काठीच्या बोलण्याबद्दल मला माफ कर. हे मी मंगळवारीच सांगणार होतो. जिन्यात येऊन तू विचारलंस, "काही बोलायचं होतं का?" आणि मी म्हणालो, "नाही, गाडी चुकेल."

गाडी चुकणार नव्हती. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, थेंब घातले तर राहिलेली बराच काळ टिकू शकेल, पण शब्द देता येत नाही. जूनमध्ये डाव्या बाजूने एक सायकलवाला आला आणि मला तो दिसलाच नाही. प्रवासी ओरडले म्हणून ब्रेक लागला. त्याला खरचटलंही नाही, पण मी ती फेरी पुरी केली, डेपोत गेलो आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. घरी सांगितलं, ऑफिसात बदली झाली. तेव्हापासून रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून येतो. काल तुझ्या वहिनीला खरं सांगितलं. तिने माझा हात धरला आणि एकच विचारलं, "टिटवीला कळवलंत का?" म्हणून हे पत्र. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, एक संपली की पुढची शोधायला मला वेळ लागतो. सोमवारी दहा वाजता आम्ही दोघं येतोय. तुझ्या वहीत माझं नाव लिही, इतरांचं लिहितेस तसं, आणि पहिल्या दिवसापासून शिकव. वहिनीला मी डोळ्यांचं सांगितलंय. मला भीती वाटते, हे तिला सांगितलेलं नाही. ते फक्त तुला सांगतोय.

सोमवारची वाट बघणारा, तुझाच,
दादा