ताकदीची सुई

आबा, तुम्ही दारूनं मेला नाहीत. पहिलं हेच लिहिते, बाकीचं मग. वडूजजवळच्या आपल्या वस्तीवर आजही कुणाचा पोरगा प्यायला लागला की त्याची आई तुमचं नाव घेते, तसाच पोट फुगून मरशील म्हणते. थेंब न शिवलेल्या माणसाचं नाव!

तुमची स्टीलची डबी मला अजून दिसते. काचेची सिरिंज, दोन सुया, कापूस, स्पिरिटची बाटली. ढोरांच्या डॉक्टरनं तुम्हाला मेंढरं टोचायला शिकवलं आणि तुम्ही माणसं टोचायला लागलात. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणच्या अंगाला उतरायचं, चालून चालून पायांचे तुकडे पडायचे. तळ पडतो, आणि एकेक जण दंड काढून तुमच्यापुढं बसतो. ‘आवं, मला बी एक ताकदीची मारा.’ तुम्ही सुई पाण्यानं धुता, स्पिरिटचा बोळा फिरवता, तीच दुसऱ्याला टोचता, शेवटी स्वतःलाही. मेंढरांची सुई वेगळी, माणसांची वेगळी, ही शिस्त मात्र कडक. मी एकदा हात लावला तर केवढे खेकसलात, ‘घाण करू नगंस, माणसांची हाय ती!’ दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा बाकीच्यांना अर्धं देत होतात ते ताकदीचं लाल औषध लेक म्हणून मला पुरतं टोचलंत. केवढी मिरवले होते मी.

आता मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये आहे. हेपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून येतो, लिव्हरमध्ये बिऱ्हाड करतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप त्याचा दगड करतो, मग दारुड्याचं फुगतं तसंच पोट फुगतं. अशा जुन्या पेशंटांच्या रक्तात नॅचरल किलर पेशी कशा वागतात ते बघणं माझं काम. या पेशी म्हणजे आपल्या तळावरचं कुत्रं हो. लांडगा आला की त्यानं चावायचं, आणि भुंकून तळ जागा करायचा. विषाणू मुक्कामालाच राहिला की या पेशी चावणं सोडत नाहीत, पण त्यांचं भुंकणं कमी होतं. बाकीची फौज हवी तशी उठत नाही, लांडगा आतच राहतो, आणि चावे बसतात आपल्याच लिव्हरला. एकदा ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, म्हणून मी माझंच दिलं. माझ्या पेशी चावत होत्या, भुंकत नव्हत्या. मग रीतसर तपासणी केली, तोच विषाणू निघाला. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, विषाणू गेला. पेशी बऱ्याचशा वळणावर आल्यात, सगळ्या नाहीत.

तुम्ही कशानं गेलात ते आईला सांगितलं. वाटलं, हरखेल.

‘म्हंजी दारू न्हाई?’

‘न्हाई गं. सुई.’

‘कुनाची सुई?’

मी तुमच्या डबीचं नाव घेतलं. तिनं निवडायच्या मटकीतला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, ‘दारुडा म्हनत्यात तर म्हनू देत. लय वर्सं ऐकलंय म्या. पर त्यांनी हातानं रोग वाटला म्हनून सांगू नगंस.’

तिथं माझं डोकं फिरलं. तुमच्यापुढं दंड काढून बसलेली माणसं अजून जिवंत आहेत, आबा, आणि औषध आहे. तुमची अब्रू झाकायला मी त्यांना मरू देणार नाही. राग आला असेल तर या, आणि खेकसा माझ्यावर. मी हटणार नाही.

रविवारी देवळापुढं माणसं जमवली. जिथं भंडारा उचलून तुम्ही शपथ घेतली होती, ‘थेंब शिवलो न्हाई,’ आणि लोक गालात हसले होते, तिथंच उभी राहून सगळं बोलले. दारू नव्हती. सुई होती, आणि ती माझ्या बापाची होती. तुमच्या शपथेला सगळ्यात जास्त हसलेले माझे धाकटे चुलते उठले आणि दंड काढून माझ्यापुढं बसले. ‘घे पोरी रगात. तुज्या बापाची सुई पैल्यांदा म्याच घितलीया. हसलो बी म्याच.’ त्यांच्यामागं रांग लागली. प्रत्येकाला नवी सुई, कळलं का? त्यांच्यासमोर पाकीट फोडून. चुलत्यांच्या रक्तात विषाणू निघाला. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्यात. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

हा कागद मी लॅबच्या खणात ठेवणार आहे, आणखी कुठं पाठवू? एवढ्या तावातावानं लिहिलं, पण एक गोष्ट देवळापुढं बोलले नाही. शपथ घेण्याआधी तुम्ही माझ्याकडं वळला होतात. ‘पोरी, तू तरी सांग ह्यास्नी,’ म्हणालात. तुमच्या हातांना येणारा वास स्पिरिटचा आहे, हे तिथं माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी खाली बघत राहिले. मलाही वाटलं होतं, एवढे लोक म्हणतात तर पीत असाल.