सहा काठ्यांची परीक्षा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ६:४०.
निवेसच्या बारच्या मागच्या खोलीत बिलियर्डच्या काठीची लांबी टेपनं मोजत होतो (१४०.५ सेंमी, दोनदा मोजली). तेवढ्यात बातमी आली. साउरोचं हर्नियाचं ऑपरेशन. म्हणजे बारच्या चौघांच्या संघात एक जागा रिकामी! रविवारी १६ तारखेला वरच्या गावाशी सामना. जिंकणाऱ्या संघात प्रत्येकाला एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. निवेस म्हणाली, "शुक्रवारी चौदाला तू आणि लेआर्को खेळा. जिंकेल तो चौथा. हरेल तो टेबलाचे पैसे देईल आणि बघणाऱ्यांना पाजेल, नेहमीसारखं."
लेआर्को बेकरीत असतो. भिंतीवरची हाताला लागेल ती काठी उचलतो, बघतसुद्धा नाही. अशा माणसाची काळजी करण्यात अर्थ नाही. (छातीत धडधडतंय. कॉफीमुळे असावं.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
संकल्प: सहा काठ्यांची शास्त्रीय तुलना. बारमधल्या चार, चुलतभावाची एक, आणि फाएन्झा शहरातल्या दुकानातली काळी, कार्बनची. प्रत्येकीचे पन्नास फटके. टेबलाच्या मधोमध उभ्या पाच खुंट्यांपैकी एक जरी पडली तरी नोंद. भूमापनाच्या शाळेत मी तिसऱ्या वर्षापर्यंत होतो. तक्ता आखता येतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
काळी काठी घेतली. ४६० युरो. आईनं गाडीच्या हिवाळी टायरांसाठी दिलेले २८० भरले, बाकी हप्त्यांनी. दुकानदार म्हणाला, "हिच्यात चुकायला जागाच नाही." लिहून घेतलं. टायरांचं काय ते हॅम विकून. हॅम नक्की आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
प्रयोग सुरू. दोन चेंडू ठेवले की मोजणीत गोंधळ होतो, म्हणून समोरच्याचा चेंडू काढून टाकला. माझा चेंडू आणि खुंट्या, बस्स. एका वेळी एकच गोष्ट तपासायची.
ओरिएलेकाका दारात उभे राहून बघत होते. निवृत्त न्हावी, कुठंही डोकावणारच. म्हणाले, "अरे एर्मेस, आपल्याच चेंडूनं खुंट्या पाडतोस होय? गुण कुणाला मिळतात, आठवतंय ना?"
आठवतंय! आपला चेंडू समोरच्याच्या चेंडूवर मारायचा आणि त्याच्या चेंडूनं खुंट्या पाडायच्या. आपल्या चेंडूनं पडल्या तर गुण समोरच्याला. त्याला आम्ही 'प्यायला' म्हणतो. सहा वर्षांचं पोरही हे जाणतं. पण हा खेळ नाही, प्रयोग आहे. काकांना फरक समजावला. ते "बरं बाबा" म्हणाले आणि हसत गेले. पटलं असावं.

रविवार, ९ नोव्हेंबर.
निकाल! काळी काठी: पन्नासात एक्केचाळीस. चुलतभावाची: तेवीस. बारमधल्या तीन: बारा, अकरा, नऊ. लेआर्कोच्या हाताला बहुधा लागते ती, चिकटपट्टी गुंडाळलेली: सहा. फक्त सहा! वाईट वाटलं बिचाऱ्याचं.
आईनं जेवताना विचारलं, "टायर कधी येतायत? पंधरा तारखेपासून ते नसले तर पोलीस धरतात." म्हणालो, नोंद केली आहे. खरंच केली आहे, याच वहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
डाव्या हातासाठी मोजा, १८ युरो. निळा खडू, १२. आता डोळे मिटूनही चेंडू खुंट्यांत जातो. हात आपोआप वळतो! निवेस म्हणाली, "उधारीवर टेबलाचे अकरा तास झाले रे राजा." हॅमचा एक तुकडा तिला द्यायचं ठरवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. रात्री.
झोप नाही. विजयानंतर काय बोलायचं ते लिहून काढलं. साउरोचा उल्लेख दोनदा, लेआर्कोचा एकदा, मोठ्या मनानं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. रात्री ११:१५.
जसं घडलं तसं लिहितो.
अकरा जण बघायला होते. पहिला फटका माझा. माझा चेंडू लेआर्कोच्या चेंडूला चाटून गेला, सरळ मधे घुसला आणि पाचही खुंट्या आडव्या! अशी सफाई या खोलीत कुणी पाहिली नसेल. मी काठी वर केली.
तेवढ्यात अकरा जण एका सुरात, "प्याऽऽयला!" निवेसनं लेआर्कोच्या नावापुढं पाच खुंट्यांचे बारा गुण लिहिले.
स्वतःला म्हटलं, सावकाश. श्वास घेतला. पुन्हा पाचही. पुन्हा बारा. हात ऐकेचना. काळी काठी आपलं काम चोख करत होती, त्यात तिचा दोष नाही. ओरिएलेकाका ओरडले, "लेआर्को, तू घरी जा रे, पीठ मळ! हा तुला जिंकून देतो!" लेआर्को हसू आवरायला मोज्याचं पाकीट तोंडावर धरून बसला होता. माझ्या मोज्याचं.
साठ विरुद्ध चौदा. त्या साठांतले लेआर्कोनं स्वतः केले बारा. अठ्ठेचाळीस माझे. म्हणजे नीट पाहिलं तर आज या टेबलावर सर्वांत जास्त गुण मीच केले, बासष्ट. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.
भाषण केलं नाही.
लेआर्कोला म्हटलं, रविवारी काळी काठी घेऊन जा. तो घाबरून म्हणाला, "नको रे बाबा, हिला सवय लागलीय." निवेस म्हणाली, "असं तोंड पाडू नकोस. रविवारी आम्हाला गाडीनं वर सोड. घाटात बर्फ आहे, हिवाळी टायर घातलेस ना?"
उत्तर म्हणून खोकलो.

हिशोब.
रोख खर्च: काठी २८०, मोजा १८, खडू १२. एकूण ३१० युरो.
देणं: दुकानाला १८०. निवेसला सरावाचे ६६, आजचं टेबल ९, अकरा ग्लास २२. आईला २८०. एकूण ५५७ युरो.
येणं: लेआर्कोकडून हॅमचे दोन काप (जाताना कबूल केले). जिंकले तर.