मी सगळ्यांना दिसतो

दि. १८ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ८.
पडलो. गुडघा सोलला, बाकी प्रकृती उत्तम. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून नोंद रीतसर करतो. वेळ पहाटे पावणेसहा. ठिकाण दिघोरी, तलावाचा रोड. मी सायकलवर, डाव्या बाजूने, पूर्ण नियमात. समोर गावातल्या सूरजचा ट्रॅक्टर. धडक.

ट्रॅक्टर उभा होता, हे मान्य. आदल्या संध्याकाळपासून पंक्चर होऊन उभा होता. सूरजला विचारलं, तुला मी दिसलो कसा नाही? तो म्हणे, काका, मी तं घरी झोपून होतो. म्हणजे दिसलो नाहीच. माझा मुद्दा सिद्ध होतो.

सौ. उषाबाईंचं मत वेगळं. म्हणे, तुमाले दिसत नाही जी, लोकाइले काहून दोष देता? लाखांदूरला पुढच्या महिन्यात डोळ्यांचं शिबिर आहे, तिथे माझं नाव परस्पर देऊन आली. शिवाय शेजाऱ्यांसमोर जाहीर केलं की आणखी एकदा पडलो तर सायकल मासे विकणाऱ्या मंगरूला देऊन टाकणार. ती बोलते ते करते. सायकल गेली तर चहाला चौकात जायचं तरी कोणाच्या तरी मागे बसून जावं लागेल, या वयात ते मला जमणार नाही.

संकल्प: आजपासून रोडवर ठळक दिसायचं.

दि. १९ नोव्हेंबर.
डोमाच्या सायकल दुकानातून दोन लाईट घेतले. डोमा म्हणे पांढरा पुढं, लाल मागं. मी उलट बसवायला लावले. लाल दिसला की समोरचा थांबतो, हे ज्याने आयुष्यभर गाड्या थांबवल्या त्याला डोमाने शिकवू नये.

दि. २१ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
समोरून एक मोटारसायकलवाला भरधाव आला आणि शेवटच्या क्षणी सरळ शेतात उतरला. वर मलाच ओरडला. म्हणे, लाल लाईट पाहून मले वाटलं तुमी पुढं जाऊन राहिले, तुमी तं आंगावर आले! आजकाल लोकांना नियमांचं ज्ञान नाही. तरी त्याच्या सोयीसाठी लाईट बदलून घेतले. डोमा हसला असावा. नीट दिसलं नाही, त्याच्या दुकानात उजेड कमी आहे.

दि. २२ नोव्हेंबर.
पहाटे तलावाच्या पाळीवर मंगरू उभा. दोनदा हाक मारली, हात केला. ढिम्म. चार मासे विकले की माणसाला गर्व होतो. त्याच्याशी बोलणं बंद.

नंतर: तो हातपंप होता. उंची मात्र तंतोतंत मंगरूची.

पेपरवाल्यांनी शाई फारच पातळ केली आहे. तक्रारीचं पत्र लिहायचं.

दि. २४ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८.
आज क्रांती. दोन लाईटने काय होतं? डोमाकडून लग्नाच्या मांडवाची रंगीत एलईडी पट्टी घेतली. हँडल, दांडा, दोन्ही मडगार्ड, सगळीकडे गुंडाळली. कॅरिअरवर बॅटरी. जाकिटाला मागून-पुढून रेडियम. साडेसहाला निघालो तर लोक घरातून बाहेर येऊन बघायला लागले. मी मोजले, एकोणीस जण. दृश्यमानता शंभर टक्के.

एक छोटी अडचण. सध्या नाटकांचा सीझन, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, आणि लोकांना वाटलं मी नाटकाची जाहिरात करत फिरतोय. कोणती कंपनी, हिरोईन वडशाची का, असं विचारत होते. मी फक्त मान हलवत होतो, कारण हात सोडणं धोक्याचं. घरी पोचलो तर मागोमाग शेजारची बायाबाई आणि तिघी जणी चटया घेऊन अंगणात येऊन बसल्या. पडदा कवा उघडते म्हणे. उषाबाईला सगळ्यांना चहा करावा लागला. चहा झाल्यावरही त्या अर्धा तास उठेनात, कॉमेडीवाला यायचा असेल म्हणून.

पट्टी निम्मी काढली.

दि. २७ नोव्हेंबर. सकाळी ७.
पूर्ण विजय. आज निघालो तर समोरून आलेला ट्रॅक्टर थांबला. मागून आलेली जीप थांबली. मुक्कामी बस गावातून बाहेर पडत होती, तीसुद्धा कडेला लागली आणि मी जाईपर्यंत हलली नाही. नोकरीत असताना शिट्टी फुंकून घसा कोरडा व्हायचा तेव्हा एक गाडी थांबायची.

उषाबाईला सांगितलं, बघ लाईटची कमाल. ती म्हणे, होय जी, लाईटचीच हाय. शेवटी तिला पटलं. शिबिराला जाण्याची गरज उरली नाही.

दि. ३ डिसेंबर.
पुढे आणखी मोठा लाईट लावला. मोटारसायकलचा. गाड्या आता लांबूनच थांबतात. अपवाद मंगरू. तो समोरून सायकलने येत होता, उजेड डोळ्यांवर पडला आणि टोपलीसकट धानाच्या बांधीत गेला. नशीब, शेतात चिखल होता. त्याला वर काढायला गेलो. म्हणे, काका, तुमाले पाहून माहे डोरे गेले. मी म्हटलं, बघ, किती लांबून दिसलो. दोघांनी मिळून मासे गोळा केले. मी गोळा केलेल्यांत तीन दगड निघाले, असं तो म्हणतो.

लाईट थोडा खाली वाकवला.

दि. १२ डिसेंबर. रात्री ९. पडून लिहितोय.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. पहाटे सगळे लाईट चालू. समोर बस थांबलेली, मागे दोन ट्रॅक्टर थांबलेले. सगळा रोड माझा. मी आभार मानायला हात वर केला आणि म्हशीवर गेलो.

म्हैस रोडच्या मधोमध बसली होती. काळी. तिच्या अंगावर लाईट नाही, रेडियम नाही, काही नाही. दोष कोणाचा ते सांगायला नको. बसमधले लोक खाली उतरले. मी पडताना सगळ्यांना स्पष्ट दिसलो, एकानेही दिसलो नाही असं म्हटलं नाही. म्हैस उठलीसुद्धा नाही.

दुपारी उषाबाईने सायकल स्वतः ढकलत नेऊन मंगरूकडे दिली. मी खिडकीतून पाहत होतो. सायकल लहान लहान होत गेली आणि मग धुरात मिसळली. धूर नव्हता, असं ती म्हणते. वाईट वाटलं. रडलो नाही, पण जेवलोही नाही.

दि. १५ डिसेंबर, रविवार. लाखांदूर.
शिबिराला आलो, ते फक्त नजर चांगली असल्याचं लेखी घ्यायला. तो कागद दाखवून सायकल परत मागणार. डॉक्टर बाईंनी विचारलं, बोटं किती? मी म्हटलं, आधी हात वर करा. त्यांनी हात वरच धरला होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला. म्हणे, इतके दिवस सायकल चालवलीच कशी? मी म्हटलं, लाईट लावून.

दि. ५ जानेवारी, रविवार. सकाळी १०.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. आज पट्टी नाही. पेपरची शाई ठीक आहे. उषाबाईचे केस बरेच पांढरे झालेत. कधी झाले ते विचारलं तर म्हणे, तुमच्या सायकलीपायी.

मग कित्येक महिन्यांनी स्वतःच्या डोळ्याने फोन वाचला. गावाचा एक ग्रुप आहे. सूरज त्यात, जीपवाला त्यात, मुक्कामी बसचा ड्रायव्हरही त्यात. २६ नोव्हेंबरपासून रोज त्यात उषाबाईचा मेसेज, पहाटे आणि संध्याकाळी.

"हे निघाले. तलावाकडं. गाड्या कडेले लावा."

"आज मोठा लाईट हाय, तिकडं पाहू नका. थांबा फक्त."

"आले का वापस? कोणी पाहिले तं सांगा."

खाली प्रत्येक वेळी कोणीतरी लिहिलेलं, पोचले काकू. सोळा-सतरा दिवस सगळं गाव थांबत होतं. मंगरूकडे बटणाचा फोन आणि म्हशीकडे तोही नाही, म्हणून हे दोघेच तेवढे सापडले. मला लाज वाटली. आणि लाज वाटत असताना बरंही वाटलं, ते कसं ते मला लिहिता येत नाही.

शेवटचा मेसेज आज सकाळचा. "यायच्या डोऱ्याचं आपरेशन झालं. आता गाड्या चालू द्या."