अकराची नोंद

८ नोव्हेंबर १९७१
आज कामावर रुजू झालो. राहात्याहून बैलगाडीने साखर कारखान्यावर पोचेपर्यंत अंगावर इतकी धूळ बसली, की वॉचमनने मला ऊसवाला समजून ऊस टाकायच्या गव्हाणीकडे पिटाळलं. मग सगळेच हसले, मीही.

माझं काम बॉयलर-हाऊसचं लॉगबुक लिहिणं. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि शेवटी शेरा. माझं अक्षर वळणदार आहे हे मी कशाला सांगू, बॉयलर-हाऊसचे प्रमुख काकासाहेब स्वतःच म्हणाले. नियमही त्यांनीच समजावला. सगळं ठीक असलं तर निळी शाई, धोका किंवा अपघात असला तर लाल. लाल नोंद पडली की गाळप बंद आणि वरून तपासणी. लाल शाईची दौत कुठे असते विचारलं, तर म्हणाले, चार हंगामांत लागलीच नाही.

१९ नोव्हेंबर
फायरमन मच्छिंद्र दिवसभर भट्टीत चिपाड ढकलतो आणि तेवढ्यातही माझी थट्टा करतो. आम्ही घाम गाळतो अन् भाऊसाहेब शाई गाळतात, असं त्याचं म्हणणं. दुपारी त्याची बायको गोजरबाई भाकरी घेऊन येते. आता माझ्यासाठीही एक जास्तीची असते, वर मिरचीचा ठेचा. माझी बायको इंदू नगरला माहेरी आहे. खोली मिळाली की तिला आणायचं. ठेच्याचं तिला पत्रात कळवलेलं नाही, उगाच माझ्या पोटाची काळजी करत बसेल.

२१ जानेवारी १९७२
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

अकरा वाजता वाफेच्या नळाचा सांधा फुटला. मच्छिंद्र नेमका खाली होता. वाफेत काही दिसेना, नुसतं ओरडणं ऐकू आलं आणि मग तेही थांबलं. मी जवळ गेलो तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला गोणपाटात गुंडाळून मागल्या फाटकाने नेलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही. गोजरबाईला निरोप धाडला, की त्याला सुटे भाग आणायला पुण्याला पाठवलं आहे.

काकासाहेब म्हणाले, तीनशे गाड्या ऊस दारात उभा आहे, गाळप थांबलं तर वाळून चोयट्या होतील. वहीत नाही ते घडलेलं नाही. आणि मी लिहिलं : ११ वाजता, सर्व ठीक. निळ्या शाईने. खाली माझी सही. मला माझी लाज वाटते.

२२ जानेवारी
आठच्या भोंग्याला मच्छिंद्र कामावर आला.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. वाटलं, माझं बघण्यात चुकलं, वाचला बिचारा. धावत जाऊन हाक मारली, पण तो वळला नाही. चिपाड ढकलत राहिला. उघड्या दंडांवरून वाफ निघत होती. भट्टीचं तापलेलं दार त्याने नुसत्या हाताने उघडलं. बाकीची माणसं त्याला वाट सोडून चालत होती, पण त्याच्याकडे बघत कुणीच नव्हतं.

काकासाहेबांनी मला वही भरायला सांगितलं. भरली. सर्व ठीक.

२५ जानेवारी
गोजरबाई आज भाकरी न घेता आली. तो रोज संध्याकाळी घरी जातो म्हणे, कोपऱ्यात उभा राहतो, जेवत नाही. आवाज न चढवता ती म्हणाली, “भाऊसाहेब, त्यो मेलाय. म्या हात लावला तर कातडं हाताला आलं. तुमी वहीत ठीक लिवलं, मंग त्यो जाईल कसा? मोकळा करा त्याला.”

तडक काकासाहेबांकडे गेलो. वाटलं होतं, मला वेड्यात काढतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि कागदांवरची मान वर न करता म्हणाले, “हंगाम संपेपर्यंत राहू दे. कामावर तर येतोय ना?”

२७ जानेवारी
राहात्याच्या बाजारातून लाल शाई आणली. उद्या अकराच्या रकान्यात मच्छिंद्रचं खरं काय झालं ते लिहिणार. नोकरी जाईल, जाऊ दे. खोली मिळाली म्हणून परवा चारच्या एस.टी.ने इंदू येते आहे, तिला तोंड दाखवता आलं पाहिजे. गोजरबाईला सांगितलं. ती रडली नाही. उद्या त्याच्या नावाने आंघोळ करीन म्हणाली.

भीती वाटते.

२८ जानेवारी
पावणेअकरा. लॉगबुक पुढ्यात, ही रोजनिशी शेजारी.

काकासाहेब दारात येऊन गेले. लाल दौत बघितली.

मच्छिंद्र थांबला आहे. सात दिवसांत पहिल्यांदा वळून माझ्याकडे — नाही, माझ्या डोक्यावरच्या नळाकडे बघतो आहे. हात वर केला त्याने. काहीतरी सांगतो —

वरून वाफेची फुसफुस येते आहे. आधी नोंद. टाक बुडवला —

पांढरं —

२९ जानेवारी
आठच्या भोंग्याला आलो. खोलीतून कसा निघालो, आठवत नाही. काही दुखत नाही.

माझ्या खुर्चीत कुणी पोक्त गृहस्थ. मला वाट सोडून सरकले. बघितलं नाही.

त्यांच्या खांद्यावरून वाचलं. काल, ११ वाजता, सर्व ठीक. निळी शाई. अक्षर त्यांचं.

लॉगबुकात लाल टाकाने मच्छिंद्रचं नाव लिहिलं. मग माझं. पुन्हा लिहिलं. लाल अक्षर उमटलंच नाही.

मच्छिंद्रने शेजारी जागा केली. फावडं दिलं.

गोजरबाई फाटकाशी होती. मला बघून पदर तोंडाशी —

साडेतीन झाले. पाय आपोआप स्टँडकडे निघालेत. कुणीतरी इंदूला अडवा. तिला म्हणावं, जवळ आलो तरी मला हात —