लाखीची हाडं

केशोरी,
पोळ्यानंतरचा मंगळवार

वडीलधाऱ्या जमुनाबाईंना भावजय रुख्माचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? माझा गुडघा होता तसाच आहे. निदान तो तरी बदलत नाही. पत्र लिहायचं कारण, फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही "रेंज नाही का वो?" म्हणून ओरडत राहता.

वैशाखात लाखीच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा मी गुरांच्या आहाराचं पुस्तक आणलं. (तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, गायीनं वाचलं काय ते?) त्यात छातीचा घेर मोजायला सांगितलं होतं. नूतन शिंपिणीचा टेप मागून आणला. मी आकडा लिहायला वळले, तेवढ्यात लाखीनं टेपचं सुरुवातीचं वीतभर टोक खाऊन टाकलं. नूतन तोच टेप वापरत राहिली. अर्ध्या केशोरीचे ब्लाउज ढगळ झालेत. मग ताकद यावी म्हणून मी लाखीला पातेलंभर भात घातला, तर पोट ढोलासारखं फुगलं. गुरांचे डॉक्टर धावत आले. म्हणाले, "काकू, वाळल्या गवतात कस नसतो. भात बंद करा आणि पाऊस पडू द्या." तुमचे भाऊही दर उन्हाळ्यात हेच सांगायचे, "गाय आता आपलंच आंग खाऊन रायते. पानी पडला का भरते."

पण मला धीर निघाला नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांचीही हाडं अशीच दिसू लागली होती, आणि मी म्हणत राहिले, ऊन आहे, पाऊस पडला की भरतील. आषाढात गेले. आणखी कुणी माझ्या अंगणात वाळून मरू नये म्हणून लाखी तुमच्याकडे कुडव्याला धाडली. माणसासाठी थांबले आणि गायीसाठी घाई केली. उलटं करायला हवं होतं.

पुस्तकही मी उन्हाळ्याच्या प्रकरणापर्यंतच वाचलं होतं. पावसाळ्याचं परवा वाचलं. कोवळं गवत आलं की गुरं झडलेलं अंग भरून काढतात. त्याच संध्याकाळी सुखराम गुराखी कळप घेऊन परतला, एकेक गाय तुकतुकीत. दारापाशी थांबून म्हणाला, "काकू, लाखीले कायले धाडलं वो? आता तं खायाचे दिवस होते." मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

लाखी तुमच्याकडे सुखात आहे. तिनं तिथंच राहावं, हेच योग्य.

तुमची,
रुख्मा

ता.क. योग्य आहे, पण मला ती परत हवी आहे. तिचं दावं मी दिलंच नव्हतं. अजून खुंट्याला आहे.

आणखी एक. इथल्या गोवर्धनचा टेम्पो तिला आणायला सोमवारी सकाळी तुमच्या दारात येईल. नाही म्हणायचं असेल तर रविवारी फोन करा. रविवारी इकडे रेंज नसते.